स्विफ्टला 16 इंची टायर बसवावेत का?

तुमचे 15 इंची टायर गोटा होत आलेत, दुकानदार 16 इंची अलॉय आणि रुंद टायर घ्या म्हणतोय, आणि महिन्यातून दोनदा चोर्ला घाटातून पणजीला जाणं आहे. मी म्हणेन, नको. हा उद्योग मी करून बसलोय.

तुमच्या टायरवर 185/65 आर 15 असं असेल. म्हणजे रुंदी 185 मिलिमीटर आणि भिंतीची, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतच्या रबराची, उंची त्याच्या 65 टक्के, साधारण 120. 15 हा आतल्या रिमचा व्यास, इंचात. मी घेतले 195/55 आर 16. बाहेरचा व्यास जवळपास तोच, त्यामुळे स्पीडोमीटरचा प्रश्न नाही. पण भिंत 107 वर आली. तेरा मिलिमीटरनं काय होतंय, असं मलाही वाटलं होतं की! काकती ते निपाणी हायवेला गाडी झकास, वळणावर अंग टाकत नाही. मग पावसाळ्यात चोर्ल्याच्या वाटेवर जांबोटीच्या पुढं एका डबक्यात चाक गेलं. डबकं कसलं, खड्डा होता. कणकुंबीला चहाला उतरून बघतो तर पुढच्या डाव्या टायरच्या भिंतीला लिंबाएवढा फुगा. आतले धागे तुटले की असा फुगा येतो. त्याला दुरुस्ती नाही, टायर फेकायचा. जुन्या टायरांनी असले खड्डे कितीतरी गिळले होते.

रुंद टायर जास्त धरतो हे कोरड्या डांबरावर खरं. साचलेल्या पाण्यावर मात्र रुंद टायर लवकर तरंगतो, अरुंद पाणी कापत जातो. पावसातली पकड रबराच्या जातीवर आणि नक्षीच्या खोलीवर ठरते. मऊ रबर छान धरतं आणि लवकर झिजतं, दोन्ही एकदम मिळत नाही. नक्षीच्या खाचेत तळाला छोटे उंचवटे असतात, 1.6 मिलिमीटरचे. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. खानापूर-जांबोटीकडचा पाऊस बघता मी 3 मिलिमीटरलाच बदलतो.

नवीन घेण्याआधी एक करा. स्टेअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. बाहेरून माझी नक्षी चांगली दिसत होती, आतल्या कडेला तार बोटाला टोचली. अलाइनमेंट गेलेली, म्हणजे चाकं सरळ रेषेत नव्हती. ती न करता नवे टायर घातले तर तेही तसेच खाल्ले जातील. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहत होती, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त.

तर 185/65 च घ्या, अलॉयचे पैसे वाचतील त्यात वरच्या दर्जाचं रबर येतं. भिंतीवरचे चार आकडे वाचा: 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. दुकानात दोन वर्षं पडलेला माल गळ्यात मारतात. दोनच घेणार असाल तर नवे मागं घाला, पुढं नव्हे. ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरली तर सावरणं अवघड. आणि हवा ड्रायव्हरच्या दाराशी लिहिलेली असते तेवढीच, टायर गार असताना. पंपावरचं पोरगं न विचारता 40 पीएसआय मारतंय, त्याच्याकडं लक्ष ठेवा.