बिलात वाग्यू, ताटात काय?

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. जपानहून आलेल्या दोन ग्राहकांना पुण्यात एका महागड्या, जपानी धाटणीच्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला नेलं. मी शाकाहारी. त्यांनी 'ए-५ वाग्यू स्टेक' (वाग्यू म्हणजे जपानी गुरांचं मांस) मागवला, एका प्लेटचे ९,५०० रुपये. पहिला घास घेऊन त्यांच्यातले वयस्कर गृहस्थ थांबले आणि त्यांनी कॅप्टनला (वेटरांच्या प्रमुखाला) जनावराचा दहा आकडी नंबर विचारला. 'शेफला विचारून येतो' म्हणून कॅप्टन गेला, तो परत आलाच नाही. १० टक्के सर्व्हिस चार्जसकट बिल मी भरलं. पुतण्याने प्लेटचा फोटो स्टेटसला टाकला. आता ऑफिसातले म्हणतात, राज्यात गोवंशबंदी आहे, बिल तुम्ही भरलंय, पोलीस येतील. मी अडकेन का? पैसे परत मिळतील का?

उत्तर : आधी ऑफिसातल्यांचं बघू, कारण तुमची झोप त्यांनी उडवली आहे.

महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही मार्च २०१५ पासून बंदी आहे. म्हशीला बंदी नाही; कत्तलीआधी सरकारी प्रमाणपत्र लागतं, एवढंच. मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत 'टेंडरलॉइन' म्हणून जे मिळतं ते सहसा म्हशीचं असतं. आपल्याकडे ज्याला बड्याचं म्हणतात तेच, फक्त वर सॉस आणि खाली काळी प्लेट. ते खाणं, खाऊ घालणं, त्याचं बिल भरणं, यातलं काहीही गुन्हा नाही.

समजा ते खरंच गोवंशाचं होतं. तरीही मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवताना परराज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. राज्यातल्या बेकायदा कत्तलीचं मांस जवळ बाळगल्याचा आरोप असेल, तर ते तसलं आहे हे माहीत असूनही बाळगलं, हे सिद्ध व्हावं लागतं. आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करायचं, ही तरतूदही तिथेच गेली. सरकार सुप्रीम कोर्टात गेलेलं आहे, ते वेगळं. पण छापील मेनूवरून पाहुण्यांसाठी एक पदार्थ मागवणाऱ्या शाकाहारी कारखानदाराला 'जाणूनबुजून बाळगणारा' ठरवणं मला तरी जमणार नाही, आणि मी पंचवीस वर्षं कोर्टात उभा आहे.

आता खरा मुद्दा. तुमचे पाहुणे तुमच्यापेक्षा हुशार वकील निघाले. जपानमध्ये प्रत्येक गुराला दहा आकडी ओळख क्रमांक असतो आणि तो मांसासोबत दुकानापर्यंत येतो. 'ए-५' ही तिथल्या प्रतवारीतली सगळ्यात वरची पायरी. मांसात चरबीची बारीक जाळी किती, रंग कसा, हे बघून ती ठरते. ज्याच्याकडे असा माल आहे त्याला तो नंबर सांगता आला पाहिजे. इथे कॅप्टनच गायब झाला.

आणि नंबर येणार कुठून? आपल्या आयात धोरणानुसार गोमांस कुठल्याही स्वरूपात देशात आणायला बंदी आहे. म्हणजे रेस्टॉरंटने 'आमचं वाग्यू अस्सल जपानी आहे' म्हटलं, तर ते बंदी असलेली आयात कबूल करतं. 'नाही, म्हशीचंच होतं' म्हटलं, तर प्लेटमागे ९,५०० रुपयांची फसवणूक कबूल करतं. दोन्हीकडून कात्रीत ते सापडलंय, तुम्ही नाही. हा पेच हातात असताना मांस पोटात गेलं, तपासणीला काही उरलं नाही, याची फार चिंता करू नका. मेनूचा फोटो आणि बिलातली ती ओळ, एवढं माझ्यासाठी पुरेसं आहे. आयातीची कागदपत्रं आणि पुरवठादाराचं बिल त्यांनी दाखवावं.

पण एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत : बिल कोणाच्या नावावर आहे? कंपनीचा जीएसटी नंबर घातला असेल, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल, 'हे व्यापारी कारणासाठी होतं, हे ग्राहकच नाहीत.' ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ही पळवाट आहे खरी. पण त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने लीलावती रुग्णालयाच्या ट्रस्टच्या प्रकरणात, नर्सेससाठी घेतलेल्या फ्लॅटांबद्दल, सांगितलं की खरेदीचा नफा कमावण्याशी थेट आणि जवळचा संबंध आहे का ते बघायचं. तुम्ही स्टेक विकत घेऊन पुढे विकला नाही. युक्तिवाद आपल्या बाजूचा आहे, पण खात्रीचा नाही. स्वतःच्या कार्डाने पैसे दिले असतील तर काम फार सोपं होतं.

तक्रारीसाठी पुण्याच्या खेपा घालायची गरज नाही. नव्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते, म्हणजे सोलापूर. बिल ५ लाखांच्या आत असल्याने फी शून्य. मुदत दोन वर्षांची. 'ई-जागृती' या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते आणि वकील न देताही तुम्ही स्वतः उभे राहू शकता. (हे लिहून मी माझ्याच पोटावर पाय देतोय, पण १९,००० रुपयांच्या स्टेकसाठी वकिलाची फी भरू नका.)

सर्व्हिस चार्जचं थोडक्यात : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचनांनुसार तो आपोआप बिलात लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना योग्य ठरवल्या. तोही परत मागा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केलात तर कधी कधी तेवढ्यावरच पैसे येतात.

पोलीस ठाण्यात मात्र जाऊ नका. फसवणुकीचं कलम लागू शकतं, मान्य. पण तिथे 'वाग्यू' कोणी ऐकणार नाही, 'गाय' ऐकतील, आणि तुमच्या दोन प्लेटींचा विषय संध्याकाळपर्यंत भलत्याच लोकांच्या हातात जाईल. त्यापेक्षा पुण्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. अन्नाबद्दल दिशाभूल करणारी जाहिरात केली तर अन्न सुरक्षा कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे.

रेस्टॉरंटला नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. मजकुरात 'गोमांस' हा शब्द कुठेही नको. 'वाग्यू म्हणून विकलेला पदार्थ वाग्यू नव्हता, असल्यास आयातीची कागदपत्रं दाखवा', बस. पुतण्यालाही हेच सांगा. स्टेटस चोवीस तासांत गेलं असेल, पण स्क्रीनशॉट कोणाकडे असेल सांगता येत नाही, आणि 'इथे गाय खाऊ घालतात' असा रिव्ह्यू त्याने टाकला तर अब्रुनुकसानीची नोटीस उलट तुमच्या दारात येईल. मूळ फोटो मात्र फोनमधून पुसू देऊ नका. त्यावर तारीख आणि वेळ आहे.

आणि त्या वयस्कर पाहुण्यांना एक ईमेल टाका. नंबर विचारल्यावर काय झालं, ते त्यांच्या शब्दांत दोन ओळींत मागवून घ्या. पुढची ऑर्डर द्यायला ते पुन्हा आले, तर मेनूतला मिसो सूप मागवण्याआधी तुम्हीही विचारा. त्याचं पाणी बहुतेक ठिकाणी वाळवलेल्या माशाचं असतं.