थाळीतलं स्वच्छ वर्तुळ

प्रश्न : माझं वय 34. खाज, जळजळ आणि फाटलेल्या दुधासारखं पांढरं जाणं, असा यीस्टचा त्रास वर्षभरात तिसऱ्यांदा होतोय. दोनदा गोळी घेतली, बरं वाटलं, पुन्हा तेच. लवंग आणि टी ट्री तेलाने ही बुरशी मरते असं वाचलं, म्हणून टी ट्रीचे थेंब दुसऱ्या तेलात मिसळून लावले. रात्रभर आग आग झाली. प्रमाण चुकलं का? लसूण घेऊन बघू का? आणि अर्क खरंच गुणकारी असतील तर डॉक्टर ते का देत नाहीत?

उत्तर : ते तेल आधी बंद करा. तुम्ही जे वाचलंत ते खोटं नाही, पण ते प्रयोगशाळेतल्या थाळीबद्दल आहे.

एम.एस्सी.ला असताना मी स्वतः लवंगेच्या अर्कावर काम केलंय. थाळीवर कॅन्डिडा अल्बिकन्स, म्हणजे हा त्रास बहुधा ज्याने होतो ते यीस्ट, पसरायचं, त्यावर अल्कोहोलमध्ये काढलेल्या अर्कात भिजवून वाळवलेली कागदाची चकती ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती काही उगवलं नाही ना ते पाहायचं. पहिलं स्वच्छ वर्तुळ दिसलं तेव्हा ती थाळी मी सगळ्यांना दाखवत फिरले. आमच्या बाईंनी एकच विचारलं, “नुसत्या अल्कोहोलची चकती ठेवली होतीस?” ठेवली नव्हती. ठेवली तर तिच्याभोवतीही वर्तुळ! चकत्या मी नीट वाळवल्याच नव्हत्या. पुन्हा सगळं केलं. लवंगेचं वर्तुळ तेव्हाही आलं, पण बरंच लहान. तेव्हापासून असा कुठलाही दावा वाचला की माझी नजर आधी त्या दुसऱ्या चकतीला शोधते.

लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, टी ट्रीमधलं टर्पिनेन-4-ऑल ही सगळी तेलात विरघळणारी द्रव्यं. ती यीस्टच्या पेशीपटलात घुसतात, पटल गळकं होतं, पेशी मरते. अडचण अशी की पेशीपटल आपल्याही पेशींना असतं. बुरशी आणि माणूस, पेशींच्या रचनेत जिवाणूंपेक्षा एकमेकांना कितीतरी जवळचे. यीस्टच्या पटलात अर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पटलात कोलेस्टेरॉल. फ्लुकोनाझोलसारखी बुरशीवरची नेहमीची औषधं अर्गोस्टेरॉल तयार होण्याच्या कामातच अडथळा आणतात, म्हणून नेम बऱ्यापैकी यीस्टवरच लागतो. सुगंधी तेलाला एवढा नेम नसतो. आधीच सुजलेल्या नाजूक त्वचेवर ते पडलं, त्याचीच तुम्हाला आग झाली.

मात्रेतही फार अंतर आहे. औषधाला दाद देणारं अल्बिकन्स मिलिलिटरला 2 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी फ्लुकोनाझोलने थांबतं. कच्च्या अर्कांना बहुधा शेकडो मायक्रोग्रॅम लागतात. शिवाय शरीरात यीस्ट तंतू काढून अस्तराला चिकटतं, चिकट थर करून राहतं. थाळीतल्यासारखं सुटं सापडत नाही.

लसणातलं अ‍ॅलिसिन पाकळी ठेचल्यावर तयार होतं आणि फार टिकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात (2014) 63 स्त्रियांपैकी काहींना 14 दिवस लसणाच्या गोळ्या दिल्या, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी. योनीमार्गातल्या यीस्टच्या प्रमाणात ठळक फरक पडला नाही. जेवणात लसूण खुशाल खा. पाकळी आत मात्र ठेवू नका, त्वचा भाजते.

तरीही निसर्गातून औषध शोधण्यावरचा माझा विश्वास उडालेला नाही. निस्टॅटिन हे बुरशीवरचं औषध 1950 साली एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन यांनी मातीतल्या जिवाणूपासून मिळवलं. अमेरिकेत 2021 साली याच आजारासाठी मंजूर झालेलं आयब्रेक्साफंगर्प ज्या रेणूपासून घडवलं, तो जुनिपर या झुडपाच्या पानांत राहणाऱ्या एका बुरशीतून आला. (गरोदरपणात ते चालत नाही.) दोन्हींत नेमका रेणू वेगळा काढला, मात्रा ठरवली, माणसांवर तपासलं. अर्काची बाटली झाडागणिक, हंगामागणिक बदलते. डॉक्टरांनी किती थेंब लिहून द्यायचे?

आता तुमचं “तिसऱ्यांदा”. मला खरी काळजी त्याची वाटते. दोन्ही वेळा स्वॅब घेऊन तपासणी झाली होती का? खाज आणि पांढरं जाणं ट्रायकोमोनास या परजीवीनेही होतं, जिवाणूंचा समतोल बिघडला तरी स्राव वाढतो. यीस्टच असेल, तर ते कॅन्डिडा ग्लाब्राटा ही दुसरी जात आहे का हे कळायला हवं, कारण नेहमीच्या गोळीला ते अनेकदा दाद देत नाही. रक्तातली साखर तपासा. मधल्या काळात प्रतिजैविकं घेतली असतील किंवा दिवस गेल्याची शक्यता असेल, तर तेही सांगा. वर्षात तीन किंवा अधिक वेळा झालं तर उपचार लांबतात, कधी आठवड्याला एक गोळी असे सहा महिने. ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

नवी गोळी किंवा मलम सुरू करण्याआधी स्वॅब द्या. कल्चरचा, म्हणजे नमुन्यातलं यीस्ट वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, अहवाल यायला काही दिवस लागतात, तोवर आतून धुऊ नका, बाहेरून साधं पाणी पुरे. तेल लावल्याचं संकोच न करता सांगा, कारण लाली तेलाची की यीस्टची हे डॉक्टरांना ओळखावं लागेल. आणि कंडोम वापरत असाल तर तेलाने, तसंच काही बुरशीनाशक मलमांनीही, लॅटेक्स कमकुवत होतं हे लक्षात असू द्या.