कार्डावरचा विमा खरंच कामाला येतो का?

प्रश्न: बँकेने दोन डेबिट कार्डं सुचवलीत, एक साधं आणि दुसरं जास्त फीचं, त्यात अपघात विमा, खरेदीचा विमा आणि एक्स्टेंडेड वॉरंटी आहे म्हणे. मला लॅपटॉप घ्यायचाय. महागडं घेऊ का?

उत्तर: आधी बँकेकडून विम्याच्या अटींचा कागद मागून घ्या, जाहिरातीवर जाऊ नका. हा विमा बऱ्याचदा बँकेने विमा कंपनीकडून सगळ्या कार्डधारकांसाठी एकत्र घेतलेला असतो, त्यामुळे क्लेम पास करणारी बँक नसते, कंपनी असते. अपघात विम्याला बऱ्याच ठिकाणी अट असते की अपघाताच्या आधीच्या ठरावीक दिवसांत कार्ड वापरलेलं हवं, आणि घरच्यांना हे माहीतच नसतं, क्लेमची मुदत निघून जाते, फार वाईट वाटतं असं ऐकलं की. म्हणून घरात आजच सांगून ठेवा.

लॅपटॉपचं म्हणाल तर एक्स्टेंडेड वॉरंटी साधारणपणे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीची मूळ वॉरंटी संपल्यावर सुरू होते, आणि सहसा पूर्ण पैसे त्याच कार्डाने भरलेले लागतात. सेकंडहँड वस्तू बहुतेक वेळा चालत नाही. खरेदीचा विमा वेगळा, तो चोरी किंवा तुटफुटीसाठी आणि तोही थोडेच दिवस. पडून स्क्रीन फुटली तर वॉरंटीत सहसा काहीच मिळत नाही, हे लक्षात असू द्या.

माझं मत, एका लॅपटॉपसाठी दरवर्षी फी भरू नका, दुकानातली वाढीव वॉरंटी केवढ्याला पडते ते आधी विचारा. मोठ्या खरेद्या वरचेवर होत असतील तर घ्या, आणि बिल, वॉरंटी कार्ड, पेमेंटची पावती तिन्हीचे फोटो काढून ठेवा.