परतीचा घाट : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमची रेल्वे रात्री नऊची आहे. स्टेशन डोंगराखाली 120 किलोमीटरवर आहे, नकाशा चार तास दाखवतो. शेवटच्या सकाळी राहिलेले एक-दोन पॉइंट उरकून निघालो तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण हिशेब उलटा मांडा. नऊची रेल्वे म्हणजे आठला स्टेशनात. नकाशाच्या चार तासांचे सहा धरा. दुपारी सगळेच एकदम उतरायला लागतात आणि वळणावर एखादा ट्रक अडकला की तासभर तिथेच जातो. जेवण आणि मळमळणाऱ्यांसाठी थांबणं मिळून आणखी एक तास. म्हणजे एक वाजता चाकं हललीच पाहिजेत. दिवस लहान असतील तर बारालाच, कारण दरीत ऊन डोंगराआड लवकर जातं. सामान सकाळी फिरायला निघण्याआधीच गाडीत भरा.

आता कोणता पॉइंट? उतरायच्या वाटेवरचा घ्या, उलट्या दिशेचा सोडून द्या. बघायचं ते सकाळीच बघा. उन्हाने उतार तापले की दमट हवा वर चढते आणि दुपारी नेमके कडे ढगात जातात. मात्र म्हणून पहाटेच घाट उतरायची घाई नको. रात्री गार, जड हवा घसरून दरीत साचते. त्यामुळे वर लख्ख सूर्योदय दिसत असतानाही खालचा रस्ता धुक्यात असू शकतो.

प्रश्न : मागच्या वेळी घाट उतरताना चाकांतून जळका वास आला आणि ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं. गाडी नवीन होती. असं का झालं? पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल केलं तर चालतं का?

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : अजिबात नाही. इंजेक्शनवाल्या (इंजिनात इंधन फवारून सोडणाऱ्या) गाड्यांत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. म्हणजे वाचत काहीच नाही, उलट इंजिनाची पकड जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद करून गाडी सोडणं तर वेडेपणाच. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरचा साठा दोन-तीनदा पेडल दाबल्यावर संपतो आणि स्टिअरिंग जड होतं.

वास येतो तो तापलेल्या ब्रेक पॅडचा, म्हणजे चाकाची डिस्क दाबून धरणाऱ्या पट्ट्यांचा. पॅड फार तापले तर पेडल घट्टच राहतं, पण गाडी थांबत नाही. पेडल मऊ होऊन खाली जाणं हा वेगळा आजार आहे. त्यात ब्रेक ऑइल उकळून वाफ झालेली असते आणि वाफ दाबली जाते. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. ताजं डॉट 3 दर्जाचं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत टिकतं, ओल धरलेलं 140 च्या आसपासच उकळू शकतं. साधारण दोन वर्षांनी ते बदलतात ते यासाठीच.

ज्या गिअरमध्ये तो चढ चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. बहुधा दुसरा, तीव्र वळणांवर पहिला. गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. ऑटोमॅटिकमध्ये एल (लो, म्हणजे खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड. पाय सतत पेडलवर ठेवू नका. वेग वाढला की ठामपणे दाबा, वेग उतरला की पूर्ण सोडा. मधल्या वेळात ब्रेक गार होतात.

पेडल मऊ लागलंच तर लगेच खालचा गिअर टाका, पेडल भराभर पंप करा, हँडब्रेक हळूहळू ओढा आणि रुंद जागी थांबा. निदान अर्धा तास गाडी उभी राहू द्या. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते किंवा तडकते. डिस्क गार होऊन आकसली की हँडब्रेक ढिला पडू शकतो, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. (निघताना तो दगड रस्त्यातून बाजूला करा. बरेच जण तसाच सोडून जातात.) पेडल पुन्हा घट्ट झालं तरी खाली पोचल्यावर ऑइल तपासून घ्याच.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीला घाटात गाडी लागते आणि उतरताना कान दुखतात. काय करावं?

उत्तर : गोळी उलटी सुरू झाल्यावर देऊन उपयोग नाही, ती निघण्याआधी अर्धा-एक तास पोटात जावी लागते. वयानुसार मात्रा डॉक्टरांना विचारा. झोप आणणारी गोळी ड्रायव्हरने घेऊ नये. मुलीला दूरचा रस्ता दिसेल असं बसवा. मोबाइल आणि पुस्तक बंद. पोट रिकामंही नको, गच्चही नको. आणि ड्रायव्हरला सांगा की ब्रेक वळणात नाही, वळणाआधी मारायचा. निम्मी मळमळ तिथेच कमी होते.

कानाला दडे चढतानाही बसतात, पण उतरताना जास्त. बाहेरचा दाब वाढतो आणि कान-घसा जोडणारी नळी आपसूक उघडत नाही. गिळल्यावर किंवा जांभई दिल्यावर ती उघडते, म्हणून घोट-घोट पाणी पाजत राहा. झोपेत गिळणं कमी होतं, तेव्हा मोठ्या उतारावर तिला जागं ठेवा. सर्दी असेल तर नाकातल्या थेंबांबद्दल आधीच विचारून घ्या. खाली आल्यावरही दुखणं थांबलं नाही किंवा कानातून पाणी आलं तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : खाली उतरल्यावर कॅमेऱ्याच्या लेन्सवर वाफ धरते. ती पुसावी का?

उत्तर : पुसू नका, पुन्हा धरते. वरून निघतानाच गार कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि खाली तासाभराने उघडा. मग दव पिशवीवर बाहेरून धरतं. लेन्स बदलायची असेल तर तीही त्यानंतरच.