मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचे असल्यास मराठीतून मोफत शैक्षणिक साहित्य कुठे मिळेल?

आठ वर्षांचा मुलगा आणि अकरा वर्षांची मुलगी या दोघांना यंदापासून घरीच शिकवायचे तुम्ही ठरवले आहे, माध्यम मराठी आहे, राहणे तालुक्याच्या गावी आहे आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांची वार्षिक वर्गणी परवडणारी नाही. अशा वेळी खर्च न करता काय मिळू शकेल, असा तुमचा प्रश्न आहे. आमचीही दोन्ही मुले घरीच शिकतात, तेव्हा जे स्वतः वापरले आहे त्याविषयीच लिहितो. एक मत आधीच नोंदवून ठेवतो. मोफत साहित्याचा आज तुटवडा नाही, उलट सुकाळ इतका आहे की पालक फोनमध्ये नुसती साठवण करत राहतात आणि मुलांपर्यंत त्यातले फारसे पोहोचतच नाही. म्हणून क्रमिक पुस्तकांचा एक संच पाया म्हणून धरावा आणि तो जिथे अपुरा पडेल तेवढ्यापुरतेच बाकीचे साहित्य निवडून घ्यावे.

हा पाया बालभारतीचा असावा, असे मी सुचवीन. १९६७ साली पुण्यात स्थापन झालेले हे पाठ्यपुस्तक मंडळ पहिलीपासून बारावीपर्यंतची आपली पुस्तके संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उपलब्ध करून देते. मराठीबरोबरच इतर माध्यमांची पुस्तकेही तेथे असल्याने गणित आणि विज्ञान या विषयांसाठी त्याच इयत्तेचे इंग्रजी माध्यमाचे पुस्तक शेजारी उघडून ठेवता येते. पुढे कधीतरी मुलांना या विषयांसाठी इंग्रजीकडे वळावेच लागते. तेव्हा 'लसावि' म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्याचे इंग्रजी नाव नवे वाटू नये, एवढाच यामागचा हेतू. मात्र अख्खे पुस्तक छापून घेण्याच्या भानगडीत पडू नका, कारण झेरॉक्सच्या दुकानातील खर्च छापील पुस्तकाच्या किमतीपेक्षा हमखास जास्त होतो. शेजारपाजारच्या एखाद्या मुलाची गेल्या वर्षीची पुस्तके मागून आणणे हा त्याहून सोपा मार्ग आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२५-२६ पासून पहिलीपासून अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलत आहे हे खरे, परंतु घरी शिकणाऱ्या मुलाचे जुन्या आवृत्तीमुळे दहावी येईपर्यंत काहीही अडत नाही.

या पुस्तकांत छापलेले क्यूआर कोड केंद्र सरकारच्या दीक्षा ॲपमध्ये उघडतात आणि त्या त्या पाठाशी संबंधित चित्रफिती व प्रश्नसंच समोर येतात. फोनचा कॅमेरा खराब असेल तर कोडसोबत छापलेली सहा अक्षर-अंकांची खूण टाइप केली तरी काम होते. या साहित्याचा दर्जा सारखा नाही, हे मात्र स्पष्ट सांगायला हवे. काही चित्रफिती मन लावून केलेल्या आहेत, तर काहींमध्ये धडा कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवण्यापलीकडे काही नाही, त्यामुळे आदल्या रात्री स्वतः पाहून मगच मुलांसमोर ठेवलेले बरे. २०२० च्या टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवरून पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका प्रसारित झाली होती. घरातल्याच वस्तू घेऊन पालकांनी काय करावे हे तीत दाखवलेले असल्याने ती घरी शिकवणाऱ्यांच्या विशेष उपयोगाची आहे. व्होपा या पुण्यातील संस्थेचे 'व्ही-स्कूल' हेही त्याच काळात उभे राहिलेले, राज्याच्या अभ्यासक्रमावर आधारलेले आणि पूर्णपणे मोफत असे मराठी व्यासपीठ आहे.

भाषेच्या बाबतीत पाठ्यपुस्तक फार लवकर संपते. वाचायची गोडी लागलेले मूल अख्खे पुस्तक जून महिन्यातच वाचून मोकळे होते. त्यानंतरची भूक भागवायला बालभारतीचेच 'किशोर' हे मासिक आहे. ते नोव्हेंबर १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. तुमच्या मुलीच्या वयाला ते नेमके साजेल. मुलासाठी प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेचे 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ पाहा. तेथे मराठीतील सचित्र गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांमध्ये लावलेल्या आहेत, त्या उतरवून घेता येतात आणि परवाना मुक्त असल्यामुळे छापूनही घेता येतात. तीच गोष्ट बहुधा हिंदीत आणि इंग्रजीतही मिळते. आमच्याकडे आधी मराठी गोष्ट मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीतून उघडायची, असा क्रम ठरून गेला. कथानक माहीत असल्याने अनोळखी शब्दांपाशी मूल अडखळून बसत नाही आणि इंग्रजीसाठी वेगळे काही विकत आणावे लागत नाही. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची चौकशीही अवश्य करा. ते अगदी फुकट नसते, अनामत आणि थोडी वर्गणी असते, परंतु बालविभागात धूळ खात पडलेली पुस्तके पाहिली म्हणजे ती वर्गणी वसूल झाल्यासारखी वाटते.

विज्ञान आणि भूमिती यांसाठी मी सर्वांत जास्त भर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर देईन. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता झालेले गुप्ता १९७८ मध्ये नोकरीतून रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, पुढे पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतील विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे मुलांसाठी काम केले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टाकाऊ वस्तूंपासून करायच्या खेळण्यांच्या कृती, छोट्या चित्रफिती आणि पुस्तके त्यांनी सर्वांसाठी खुली ठेवली असून त्यांतील बरेचसे साहित्य मराठीत आहे.

त्यांची आगपेटीच्या काड्यांची कृती नमुन्यादाखल सांगतो, कारण मोफत साहित्य म्हणजे केवळ पडद्यावर पाहायची गोष्ट नव्हे हे तीवरून लक्षात येईल. सायकलच्या दुकानात व्हॉल्व्हवर चढवायची बारीक रबरी नळी मिळते. तिचे साधारण दीड सेंटिमीटरचे तुकडे करायचे, काड्यांचे गुल खरवडून टाकायचे आणि एका तुकड्यात दोन बाजूंनी दोन काड्या खुपसायच्या, की वाकणारा सांधा तयार होतो. अशा तीन काड्यांचा त्रिकोण केला तर तो कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौरस मात्र बोट लावताच कलंडून समभुज चौकोन होतो. चौरस ताठ उभा राहावा म्हणून मुले त्यात कर्णाची काडी घालू पाहतात आणि ती काडी आखूड पडते. तेथेच थांबून मुलांना खराट्याची हीर आणि पट्टी द्यावी. बाजू ४ सेंटिमीटर असेल तर कर्ण साडेपाचच्या थोडा पुढे जातो, हे त्यांनी स्वतः मोजलेले असले की पायथागोरसचा सिद्धांत पुढे पुस्तकात आल्यावर तो आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही. पंचकोनाला ताठ करण्यासाठी दोन काड्या लागतात, षट्कोनाला तीन, आणि पुढचा आकडा बहुतेक मुले न सांगता ओळखतात. नळीच्या मध्यभागी सुईने भोक पाडून तिसरी काडी खोवली की पिरॅमिड आणि घनही उभे करता येतात. घन कोसळतो, तो का कोसळतो आणि पुलाच्या लोखंडी सांगाड्यात, विजेच्या मनोऱ्यात त्रिकोणच त्रिकोण का दिसतात, यावर आमच्या घरी बरेच दिवस बोलणे चालू होते. माझ्या अंदाजाने आठ आणि अकरा या दोन्ही वयांना एकत्र बसवता येईल असे दुसरे इतके स्वस्त साहित्य नाही. फक्त गुल खरवडण्याचे काम मोठ्या माणसाने करावे.

जे प्रयोग घरी करणे अवघड आहे, त्यांसाठी अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट' वापरावे. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात पडद्यावर हाताळता येणारी प्रात्यक्षिके आहेत, त्यांतील अनेकांचे मराठी रूपांतर झालेले आहे आणि ती एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवायही चालतात, ही तालुक्याच्या गावी मोठीच सोय आहे. अपूर्णांक आणि विद्युतमंडल ही दोन आधी घ्या. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने तिसरी ते पाचवीसाठी तयार केलेली 'स्मॉल सायन्स' मालिकाही त्यांच्या संकेतस्थळावर खुली आहे. परिसरात पाहून, मोजून, नोंदी करून शिकण्यावर तिचा भर असल्याने ती मुलाच्या वयाला उपयोगी पडेल. संदर्भासाठी मराठी विश्वकोश ऑनलाइन आहेच. त्यातील भाषा मुलांना जड जाते, म्हणून नोंद आधी आपण वाचून मग सोप्या शब्दांत सांगावी, एवढेच.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारले नाही, परंतु साहित्याची निवड ज्यावर ठरते, त्या परीक्षेविषयी. शिक्षण हक्क कायद्याच्या दहाव्या कलमानुसार मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. मात्र ते न केल्याबद्दल पालकांना शिक्षेची तरतूद या कायद्यात नाही आणि घरून शिकवण्याला त्यात स्पष्ट परवानगीही नाही. व्यवहारात शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक घरी येऊ शकतात. त्यांच्याशी वाद न घालता मुलांच्या वह्या आणि केलेल्या कामाच्या तारीखवार नोंदी त्यांना दाखवाव्यात. पुढे विचार बदलला, तर चौथ्या कलमाप्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची सोय आहे.

परीक्षेचे मार्ग तीन आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, तिसरी, पाचवी आणि आठवी यांना समकक्ष अशा तीन पातळ्यांच्या परीक्षा मान्यताप्राप्त केंद्रांमार्फत घेते, आणि वयाची १४ वर्षे पूर्ण झाली की तिच्या दहावीला बसता येते. ही दहावी मराठीतूनही देता येते, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि अभ्याससाहित्य संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. प्रवेशाचे आणि परीक्षेचे शुल्क मात्र भरावे लागते. दुसरा मार्ग राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाचा असून ते पाचवी आणि आठवीच्या परीक्षा घेते. तिसरा मार्ग म्हणजे राज्य मंडळाच्या दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसणे, ज्याला सगळे 'सतरा नंबरचा फॉर्म' म्हणतात. हा मार्ग घ्यायचा असेल तर बालभारतीच्या पायाचा उपयोग थेट होतो. एनआयओएसकडे जायचे ठरले, तर मुलीसाठी आठवीच्या सुमारास त्यांच्या साहित्याकडे वळावे, त्याआधी घाई करण्याचे कारण नाही.

सतरा नंबरच्या अर्जाला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो आणि तो नसेल तर प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते. दोन्ही मुलांची नावे शाळेच्या पटावरून काढताना हे दाखले रीतसर मागून घ्या, त्यांवरील नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी तिथल्या तिथे ताडून पाहा आणि चूक आढळली तर शाळेकडून त्याच वेळी दुरुस्त करून घ्या.