लिनक्सवर फाइलचे पहिले वाचन इतके संथ का होते, आणि मेमरी नेहमी भरलेली का दिसते?

तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे: १६ जीबी मेमरी आणि ७२०० आरपीएमची फिरती डिस्क असलेला सर्व्हर, ११ जीबीची एक फाइल, जी पहिल्यांदा वाचायला चार मिनिटे आणि लगेच पुन्हा वाचायला काही सेकंद लागतात, ‘फ्री’ कमांडमध्ये मोकळी मेमरी जेमतेम ३०० एमबी दिसते, म्हणून दर तासाला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) ‘ड्रॉप कॅशेस’ या सिस्टीम फाइलमध्ये ३ लिहून कॅशे, म्हणजे डिस्कवरील मजकुराची मेमरीत ठेवलेली प्रत, रिकामा केला जातो, आणि एवढे करूनही सर्व्हर संथच आहे. माझा पहिला सल्ला असा की ती क्रॉनची ओळ आजच काढून टाकावी, कारण या संथपणाचा बराचसा भाग तिच्यामुळेच निर्माण होत असावा.

डिस्कवरून वाचलेला मजकूर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीतील पेज कॅशेमध्ये ठेवून देतो आणि एखाद्या प्रोग्रॅमला मेमरी लागली की त्यातली पाने (मेमरीचे छोटे तुकडे) सोडून देतो. ‘फ्री’ या स्तंभात फक्त कोणत्याच कामाला न लागलेली मेमरी मोजली जाते, त्यामुळे काही काळ चालू असलेल्या सर्व्हरवर तो आकडा लहान असणे हेच स्वाभाविक आहे. पाहायचा स्तंभ ‘अव्हेलेबल’ हा आहे. नवा प्रोग्रॅम सुरू झाल्यास स्वॅप न करता, म्हणजे मेमरीतील मजकूर डिस्कवर न हलवता, किती मेमरी देता येईल याचा अंदाज तो सांगतो, आणि कर्नल ३.१४ पासून, म्हणजे २०१४ पासून, तो अंदाज कर्नल स्वतःच करतो. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा: टीएमपीएफएसमधील (मेमरीतच राहणाऱ्या फाइल सिस्टीममधील) फायली आणि प्रोग्रॅमांची सामाईक मेमरीही कॅशेच्या आकड्यात धरली जाते, पण ती अशी सहज सोडता येत नाही. ‘शेअर्ड’ स्तंभातील आकडा मोठा असेल तर तेवढा भाग मोकळा होणार नाही असे समजावे.

तुम्ही लिहिता त्या ३ या आकड्याने पेज कॅशेबरोबरच फायलींची नावे आणि आयनोड (फाइलचा आकार, जागा वगैरेंच्या नोंदी) यांचाही कॅशे जातो. त्यानंतर त्या सर्व्हरवरचा प्रत्येक प्रोग्रॅम, तुमचा असो वा दुसऱ्याचा, साधी फाइल उघडण्यासाठीसुद्धा डिस्ककडे धावतो. फिरत्या डिस्कला नेमके हेच झेपत नाही. ७२०० आरपीएमला अर्ध्या फेरीसाठी ४.१७ मिलिसेकंद लागतात, त्यात हेड सरकण्याचे साधारण आठ-नऊ मिलिसेकंद मिळवले तर विखुरलेल्या जागांची वाचने सेकंदाला ऐंशीच्या आसपासच होतात. प्रत्येक वाचन ४ केबीचे असेल तर हा वेग सेकंदाला सुमारे ३२० केबी इतकाच पडतो. आता तुमचा आकडा पाहा: चार मिनिटांत ११ जीबी म्हणजे सेकंदाला सुमारे ४६ एमबी. सलग वाचनात अशी आधुनिक डिस्क निरोगी असल्यास १५० एमबीच्या पुढे सहज जाते. म्हणजे कॅशेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तुमचे पहिले वाचनच अपेक्षेच्या एक तृतीयांशावर अडलेले आहे, आणि त्याचे कारण वेगळे शोधावे लागेल.

त्यासाठी फाइलचे वाचन चालू असताना दुसऱ्या टर्मिनलवर ‘आयोस्टॅट’ ही डिस्कच्या वाचन-लेखनाचे आकडे दाखवणारी कमांड ‘एक्स’ पर्यायासह दर सेकंदाला चालवा. तिचा पहिला अहवाल सर्व्हर सुरू झाल्यापासूनच्या सरासरीचा असतो. तो सोडून द्या. वाचनाच्या विनंतीचा सरासरी आकार लहान आणि प्रतीक्षाकाळ मोठा दिसला, तर दुसरे कोणीतरी त्याच डिस्कवर विखुरलेले वाचन किंवा लेखन करत आहे, किंवा फाइलच डिस्कवर तुकड्यातुकड्यांत पसरली आहे. पहिली शक्यता ‘आयोटॉप’ने (कोणता प्रोग्रॅम डिस्क किती वापरतो ते दाखवणारी कमांड) लगेच तपासता येते. विनंत्या मोठ्या असूनही वेग कमी असेल, तर संशय डिस्कवरच घ्यावा. डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल’ कमांडच्या अहवालात १९७ क्रमांकाचा आकडा, म्हणजे वाचता न आल्याने प्रलंबित राहिलेले सेक्टर, शून्याहून अधिक असेल तर आधी बॅकअप घ्यावा आणि मगच पुढचे निदान करावे. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर बहुधा केबल सदोष असते. कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये साटा जोडणीचा (डिस्कला सर्व्हरशी जोडणाऱ्या दुव्याचा) वेग ६ वरून १.५ गिगाबिटवर उतरल्याची नोंद आहे का, तेही पाहावे.

डिस्कचा स्वतःचा वेग मोजण्यासाठी संपूर्ण सर्व्हरचा कॅशे पुसण्याची गरज नाही. ‘डीडी’ या मजकूर वाचून नक्कल करणाऱ्या कमांडला वाचनाच्या बाजूने ‘डायरेक्ट’ हा ध्वज आणि १ एमबीचा ब्लॉक दिला की ते वाचन कॅशेला वळसा घालून होते. डिस्कचा वेग मोजणारी ‘एचडीपार्म’ कमांड वापरणार असाल तर छोटा ‘टी’ पर्याय डिस्क मोजतो, मोठा ‘टी’ मेमरी. या दोहोंच्या गल्लतीतून डिस्क सेकंदाला कित्येक जीबी देते असे आनंददायक निष्कर्ष निघतात.

मेमरी खरोखर कमी पडते आहे का, याचा निवाडा ‘व्हीएमस्टॅट’ कमांडमधील स्वॅपचे दोन स्तंभ करतात. ते सतत शून्य असतील तर प्रोग्रॅमांना मेमरी पुरते आहे. त्याच कमांडमधील ‘डब्ल्यूए’ या टक्केवारीवर (डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ) मी फारसा विसंबत नाही, कारण तो प्रोसेसरच्या रिकाम्या वेळेचाच एक भाग असतो आणि अनेक कोअर असलेल्या सर्व्हरवर एकटा अडकलेला प्रोग्रॅम त्यात दिसतही नाही.

क्रॉनची ओळ काढल्यावर ‘फिनकोर’ने त्या फाइलची किती पाने मेमरीत टिकली आहेत ते अधूनमधून बघा. रात्रीच्या बॅकअपनंतर ती नाहीशी होत असतील, तर बॅकअपने वाचलेल्या फायलींनी त्यांची जागा घेतली असे समजावे. प्रोग्रॅम कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतःच्या मर्यादांसह वेगळ्या केलेल्या जागेत, चालत असेल तर कंटेनरची मेमरीमर्यादाही तपासा, कारण त्याने वाचलेली पाने त्या मर्यादेतच मोजली जातात: मर्यादा २ जीबीची असेल, तर सर्व्हरवर १२ जीबी मोकळी असूनही तो कंटेनर ११ जीबीची फाइल प्रत्येक वेळी डिस्कवरूनच वाचत राहील.