मेंढवाडा : पत्रं तुमची, उत्तरं मामांची

(जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं कंपाउंडरकी करून कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यात स्थायिक झालेले आमचे 'मामा' या सदरात वाचकांना उत्तरं देतात.)

मामा, बंगळूरची नोकरी सोडून गावी आलोय. आमचं गाव जांबोटीच्या पुढं, खानापूर तालुक्यात. जतच्या बाजारातून २० माडग्याळी मेंढ्या आणि १ नर आणला. शेड तयार आहे, खाली सिमेंटचा कोबा केलाय. दुकानदारानं सामानाची यादी दिली : लोकर कातरायचं विजेचं मशीन, स्टीलच्या गव्हाणी, दूध पाजायचं यंत्र, कडबाकुट्टी. बिल ८६ हजारांचं. आधी काय घेऊ?

बाळा, माडग्याळीच्या अंगावर लोकर असते ती किती? तुरळक आणि आखूड. काळी दख्खनी मेंढी असती तर कातरायचं बोललो असतो. तीसुद्धा आमच्याकडची म्हातारी माणसं हातकातरीनं करतात, २० मेंढरं दोन दिवसांत मोकळी. मशीन खोडून टाका. दूध पाजायचं यंत्रही खोडा, बाळाची बाटली आणि रबरी बूच बास झालं. कडबाकुट्टी मात्र राहू दे, वैरण वाया जात नाही.

आता कोब्याकडं या. माडग्याळ गाव जत तालुक्यातलं, अथणीच्या पलीकडचं. तिथं माणसं पावसाची वाट बघतात. तुमच्या कणकुंबीच्या अंगाला पाऊस एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही. कोरड्या माळावरची मेंढी तुम्ही चिखलात आणली आहे. कोब्यावर मूत साचतं, खुरं दिवसभर ओली राहून मऊ पडतात, मग दोन बोटांच्या बेचक्यात कुजतं. मेंढी गुडघे टेकून चरायला लागली तर समजा, उशीर झाला.

तुमच्याकडं बांबू स्वस्त आहे. जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर बांबूच्या चिवाट्यांचा, म्हणजे चिरलेल्या पट्ट्यांचा, माळा करा. दोन चिवाट्यांत करंगळी जाईल एवढीच फट ठेवा. लेंडी खाली पडली पाहिजे आणि खूर अडकता कामा नये. एका मोठ्या मेंढीला १० चौरस फूट जागा धरा. शेड बरं आहे का हे बघायला मी एकच करायचो : भल्या पहाटे आत जाऊन मेंढीच्या नाकाच्या उंचीवर बसायचं आणि श्वास घ्यायचा. डोळे चुरचुरले तर मेंढीचेही चुरचुरतात. मालक उभा असतो, त्याला वास येत नाही.

आता सामान. १०० किलोचा लटकता काटा आणि पोटाखालून घालायला गोणपाटाची झोळी. ताप बघायचा थर्मामीटर (मेंढीचं १०२ ते १०४ फॅरनहाइट हे नेहमीचंच, माणसाच्या हिशेबानं घाबरू नका). खूर छाटायची कात्री. टिंक्चर आयोडिन. औषध पाजायची पिचकारी. रात्री बंदिस्त करायला वाघर. ते जाळं चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला येणाऱ्या धनगरांना विचारा, कुठलं टिकतं ते दुकानदारापेक्षा चांगलं सांगतील. खुरं बुडवायला पत्र्याचा उथळ हौद आणि १० टक्के झिंक सल्फेटचं पाणी, म्हणजे १० लिटरला १ किलो. खुरं धुऊन आत १० मिनिटं उभं करायचं, मग कोरड्यात सोडायचं. हौदातलं हे पाणी तहानलेल्या मेंढीपुढं ठेवू नका, पिईल. हे सगळं ८६ हजारांत कितीतरी वेळा येईल.

पिचकारीबद्दल थोडं जास्त सांगतो. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. रायबाग तालुक्यातल्या एका वस्तीवर जंताचं औषध पाजायला गेलो. माझ्या हातात काचेची बाटली. मेंढीचं तोंड आभाळाकडं केलं आणि ओतलं, घाईत. ती खोकली. मी म्हटलं, होतं असं. तिसऱ्या दिवशी गेलो तर मेंढी गेलेली, औषध फुप्फुसात उतरलं होतं. मेंढीवाल्या म्हातारीनं मला काही विचारलं नाही, चहा केला. तो चहा मी प्यालो, अजून आठवतो. तेव्हा बघा : मेंढीला दोन पायांमध्ये धरायचं, डावा हात जबड्याखाली, मान सरळ, नाक डोळ्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही. ओठाच्या कोपऱ्यात, जिथं दात नाहीत तिथून नळी आत, जिभेच्या मागच्या अंगाला. थोडं सोडायचं, गिळू द्यायचं, पुन्हा थोडं. खोकली तर मान सोडायची.

भातखाचराच्या कडेला चारत असाल तर गोगलगाईवाटे यकृतात चपटे जंत येतात. साधं जंताचं औषध त्यांना पुरत नाही. आधी मूठभर ताज्या लेंड्या पिशवीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात तपासून घ्या.

निपाणीहून : वडील जंतांसाठी मेंढरांना तंबाखूचं पाणी पाजतात. आजोबांपासून चालत आलंय. मी विरोध केला की म्हणतात, तुझ्या डॉक्टरापेक्षा आमची तंबाखू जुनी आहे.

वडील खोटं बोलत नाहीत. पूर्वी पुस्तकातसुद्धा मोरचूद आणि तंबाखूचा अर्क जंतांवर देत. पण निपाणीच्या माणसाला मी सांगायला हवं का, की एका पानाचा कस दुसऱ्या पानासारखा नसतो? जंत मरायचं प्रमाण आणि मेंढरू मरायचं प्रमाण यांत फार थोडं अंतर आहे, आणि ते मोजायला वडिलांकडं काटा नाही. मेंढरू थरथरलं, लाळ गाळली आणि आडवं झालं की समजायचं काय ते.

वडिलांना भांडण्यापेक्षा एक काम सांगा. दुपारच्या उजेडात एकेका मेंढीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं खाली ओढून बघायची. आतलं कातडं लाल असेल तर ठीक. गुलाबीवरून पांढरट झालं असेल, किंवा जबड्याखाली पाण्यासारखी मऊ सूज लोंबत असेल, तर रक्त पिणारे जंत आहेत. ज्यांना आहेत त्यांनाच औषध द्या, आणि ते कळपातल्या सगळ्यांत जड मेंढीच्या वजनानं मोजून द्या. कमी मात्रेनं जंत मरत नाहीत, फक्त शहाणे होतात. गाभण मेंढी पहिल्या महिन्यात असेल तर अल्बेंडाझोल हे जंताचं औषध नको, कोकरू व्यंग घेऊन येतं. वडिलांची नजर तुमच्यापेक्षा तयार असणार, हे काम त्यांनाच द्या.

अथणीहून : पहिला वळीव झाला, बांधावर कोवळं गवत आलं आणि एका रात्रीत ३ कोकरं गेली. तीही सगळ्यांत गुटगुटीत. नजर लागली म्हणतात.

गुटगुटीतच का गेली, तर तीच सगळ्यांत जास्त खातात. आंत्रविषार आहे हा. कोवळं गवत किंवा धान्य पोटभर मिळालं की आतड्यातले जिवाणू एकदम वाढतात आणि विष सोडतात. औषधाला वेळच मिळत नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यातच लस टोचा. पहिल्यांदा टोचत असाल तर २ ते ३ आठवड्यांनी दुसरा डोस हवाच, तोच लोक चुकवतात. लस बर्फाच्या डब्यातूनच आणा. आणखी एक : आपल्याकडं मेंढराला 'बकरं' म्हणायची सवय आहे, दवाखान्याच्या कन्नड अर्जावर मात्र 'कुरी', म्हणजे मेंढी, असंच सांगा. देवीची लस मेंढीची वेगळी आणि शेळीची वेगळी असते.

रायबागहून, एक भगिनी : मेंढीनं जुळी दिली. एकाला चाटते, दुसऱ्याला डोकं मारते. काय करू, मामा?

अक्का, पहिल्या तासाभरात त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे, मग बाकीचं. कोकराच्या वजनाच्या किलोमागं ५० मिली एका वेळी, दिवसभरात तीन-चार वेळा. मेंढी देत नसेल तर तिला भिंतीला दाबून धरा आणि कोकरू सडाला लावा. नाळेला आयोडिन लावलं का?

मग त्या नावडत्या कोकराच्या शेपटीखाली आणि पाठीवर तिच्याच दुधाचा हात फिरवा. मेंढी वासानं ओळखते, तोंड बघून नाही. तिला आणि दोन्ही कोकरांना कोपऱ्यात वाघर लावून दोन-तीन दिवस कोंडा, बाकी कळपाचा वास येऊ देऊ नका. माझ्या आईनं असल्या एका कोकराला चुलीशेजारी पोत्यात वाढवलं होतं. ते पुढं आमच्या मागं शाळेपर्यंत यायचं, आणि गुरुजींच्या धोतराला तोंड घालायचं.

हुक्केरीहून : म्हशीसाठी आणलेली खनिज मिश्रणाची पावडर मेंढ्यांना चालेल का?

नाही. तिच्यात तांबं जास्त असतं. मेंढीच्या यकृतात ते साचत जातं, आणि महिन्यांनी एक दिवस लघवी कॉफीच्या रंगाची होते, डोळे पिवळे पडतात. तोवर पावडरीचं पोतं संपलेलं असतं. मेंढीची म्हणून वेगळी मिळते, तीच मागा.

गोकाकहून : कळपात ओळखायला ऑइल पेंटचा पट्टा ओढला तर?

लोकर विकायची असेल तर नको, पेंट धुतला जात नाही आणि घोंगडी विणणारे सनगर ती लोकर बाजूला टाकतात. गेरू लावा. पावसानं गेला की परत लावा.